कोणत्या कंपनीची रॅम? वेग आणि स्थैर्याच्या प्रश्नाचा आढावा

जयसिंगपुरात संगणकाच्या दुकानात रॅम वाढवायला आलेले गिऱ्हाईक बहुधा एकच अट घालते, "दादा, आठ जीबी टाका, पण चांगल्या कंपनीची टाका." गिऱ्हाईक कोण आहे त्यावर मात्र या अटीचा अर्थ बदलतो. लग्नाचे अल्बम डिझाइन करणाऱ्या स्टुडिओला फोटोशॉपमधल्या जड फाइल न अडखळता उघडायला हव्या असतात. व्यापाऱ्याच्या टॅलीला फार वेग लागत नाही, पण मार्चअखेरीला मशिन बंद पडून चालत नाही. सेवा केंद्रात दाखल्यांची रांग लागलेली असते, तेव्हा एकदा आलेली ब्लू स्क्रीनही महागात पडते. अभियांत्रिकीच्या मुलांना कॅड, कोडिंग आणि गेम हे सगळे एकाच लॅपटॉपवर हवे असते.

दुकानदार तीन-चार स्टिक समोर ठेवतो. क्षमता तीच, वेगाचा आकडाही तोच, पण नावे वेगळी आणि भावही वेगळे. भावातला हा फरक नेमका कशाचा, तो मोजता येतो का, आणि त्यासाठी जास्त पैसे मोजावेत का, यावर दुकानदार, दुरुस्ती करणारे आणि जाणकार ग्राहक यांची मते एकमेकांशी जुळत नाहीत. हा वाद आज कुठवर आला आहे ते येथे पाहू. वेग आणि स्थैर्य यांचे पुरावे वेगळ्या जातीचे आहेत, म्हणून दोन्हींचा विचार स्वतंत्रपणे केला आहे.

पार्श्वभूमी

आजच्या रॅमचे मूळ १९६६ मध्ये सापडते. आयबीएममधले संशोधक रॉबर्ट डेनार्ड यांनी एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यावर एक बिट साठवण्याची कल्पना मांडली. १९६८ मध्ये तिचे पेटंट मिळाले आणि १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही एक किलोबिटची चिप बाजारात आली. रचनेची ही साधेपणाची बाजू आजही टिकून आहे आणि तिच्यातली अडचणही. कपॅसिटरमधला विद्युतभार सतत झिरपत राहतो, त्यामुळे प्रत्येक बिट पुन्हा पुन्हा भरावा लागतो. डीडीआर४ या पिढीच्या मानकानुसार सर्वसाधारण तापमानाला हे ६४ मिलिसेकंदांच्या आत व्हावे लागते, आणि चिप ८५ अंश सेल्सिअसच्या वर तापली तर त्याच्या निम्म्या वेळात. रॅमच्या स्थैर्याची सगळी चर्चा अखेरीस या झिरपणाऱ्या भाराशी येऊन पोचते.

पूर्वी निरनिराळ्या बनावटीची मेमरी एकमेकींच्या जागी चालेलच असे नव्हते. जेडेक या उद्योगसंस्थेच्या मानकांनी ती अडचण दूर केली. २००० मध्ये डीडीआर, २००३ मध्ये डीडीआर२, २००७ मध्ये डीडीआर३, २०१२ मध्ये डीडीआर४ आणि २०२० मध्ये डीडीआर५ अशी मानके आली. व्होल्टेज २.५ वरून उतरत उतरत १.१ वर आले. प्रत्येक पिढीत पिनांची मांडणी, वेळेची गणिते आणि वेगाचे टप्पे ठरवून दिले गेले. त्यामुळे कोणत्याही कंपनीची डीडीआर४ स्टिक डीडीआर४ च्या खाचेत बसते आणि चालणे अपेक्षित असते. ब्रँडची तुलना शक्य झाली ती या मानकांमुळे, आणि ब्रँडमधला फरक आटला तोही त्यांच्यामुळेच.

स्टिकरखाली काय असते

मेमरीच्या चिप बनवणारे कारखाने जगात मोजकेच आहेत. दक्षिण कोरियातल्या सॅमसंग व एसके हायनिक्स आणि अमेरिकेतली मायक्रॉन या तीन कंपन्यांकडे जागतिक बाजाराचा फार मोठा वाटा आहे. तैवानची नान्या आणि २०१६ मध्ये सुरू झालेली चीनची सीएक्सएमटी त्यांच्या मागोमाग येतात. दुकानात दिसणारी बाकीची नावे मुख्यतः मॉड्यूल बांधणाऱ्यांची असतात. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली किंग्स्टन त्यांत सर्वांत मोठी. कोर्सेअर, तैवानच्या जी.स्किल, एडेटा व ट्रान्सेंड, तसेच ईव्हीएम आणि कन्सिस्टंट ही भारतीय नावे याच वर्गातली. या कंपन्या चिप विकत घेतात, हिरव्या किंवा काळ्या पट्टीवर बसवतात, तपासतात आणि आपले नाव लावून विकतात. क्रुशियल हे नाव वेगळ्या प्रकारचे. ते चिप बनवणाऱ्या मायक्रॉनचेच.

चिपची प्रतवारी हा या व्यवसायाचा गाभा आहे. गुऱ्हाळातून आलेल्या गुळाच्या रव्यांची कोल्हापूरच्या बाजारात प्रत लावली जाते, तसेच एकाच तबकडीवरून निघालेल्या चिपचे असते. काही चिप जास्त वेगावर आणि कमी व्होल्टेजवरही निर्धोक चालतात, काही फक्त मानकापुरत्या उतरतात, आणि काही त्याच्याही खाली राहतात. वरच्या प्रतीचा माल महागड्या, हीटसिंक लावलेल्या किटमध्ये जातो. मधला माल साध्या स्टिकमध्ये येतो. खालच्या प्रतीचा माल बाहेर कुणी आणि कसा विकायचा याबाबत मात्र सगळीकडे सारखी शिस्त नाही, आणि स्वस्त बाजाराचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

दुसरी अडचण अशी की एकाच ब्रँडच्या एकाच मॉडेलखाली आज एका कारखान्याच्या तर सहा महिन्यांनी दुसऱ्याच्या चिप येऊ शकतात. कोर्सेअर आपल्या लेबलवर आवृत्तीचा आकडा छापते. त्यातला पहिला अंक ३ असेल तर मायक्रॉन, ४ असेल तर सॅमसंग आणि ५ असेल तर हायनिक्स, हे जाणकारांना ठाऊक आहे. एरवी सीपीयू-झेडसारखे सॉफ्टवेअर चालवून स्टिकवरच्या एसपीडी चिपमध्ये नोंदलेली माहिती वाचावी लागते. मात्र ती माहितीही स्टिक बांधणाऱ्यानेच भरलेली असते. त्यामुळे 'अमुक ब्रँड चांगला' या विधानाचा कस लावायचा झाला, तर आधी कोणत्या काळातली, कोणत्या चिपची स्टिक हे विचारावे लागते.

वेगाचा हिशेब

वेगाबाबत पुरावा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. क्षमता, वेग, टायमिंग आणि चिपची मांडणी सारखी असेल, तर दोन ब्रँडमधला फरक रोजच्या कामात जाणवत नाही. घड्याळ तेच आणि पायऱ्याही त्याच असल्यावर स्टिकरमुळे काही बदलण्याचे कारणच उरत नाही.

फरक पडतो तो लेबलवरच्या बारीक अक्षरांमुळे. ३२०० वेगाच्या डीडीआर४ स्टिकवर सीएल२२, म्हणजे प्रतिसादाला घड्याळाची २२ आवर्तने, असे असेल, तर पहिला प्रतिसाद यायला १३.७५ नॅनोसेकंद लागतात. त्याच वेगावर सीएल१६ असेल तर १०. डीडीआर५ मध्ये ४८०० वर सीएल४० म्हणजे सुमारे १६.७ नॅनोसेकंद, तर ६००० वर सीएल३० म्हणजे पुन्हा १०. मोठा आकडा छापलेली स्टिक प्रतिसादात मागे असू शकते, हे या गणितातून दिसते.

दुसरा मुद्दा चिपच्या मांडणीचा. ८ जीबीची डीडीआर४ स्टिक आठ चिपची असते किंवा चार चिपची. लेबलवर त्याची खूण अनुक्रमे १आरx८ आणि १आरx१६ अशी असते. चार चिपच्या रचनेत आतले बँक ग्रुप निम्मे असतात, त्यामुळे काही कामांत ती थोडी मागे पडते. एकाच ब्रँडच्या दोन स्टिकमध्ये हा फरक असू शकतो आणि दोन भिन्न ब्रँडच्या स्टिक या बाबतीत एकसारख्या निघू शकतात.

तिसरा आणि सर्वांत वजनदार मुद्दा चॅनलचा. ३२०० वेगाची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती वाहून नेते, योग्य खाचांत बसवलेल्या दोन स्टिक ५१.२. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशिनवर हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण तिथे ग्राफिक्सही याच रॅमवर चालते. १६ जीबीची एकच महागडी स्टिक घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन साध्या स्टिक घ्याव्यात, या सल्ल्यावर फारसा वाद उरलेला नाही. आणि क्षमताच अपुरी असेल, तर वेगाचे सगळे आकडे निरर्थक ठरतात. रॅम भरली की संगणक डिस्कचा आधार घेतो, आणि डिस्क रॅमच्या मानाने कितीतरी संथ असते.

वेगाबाबत खरा मतभेद आहे तो एक्सएमपी आणि एक्स्पो या प्रोफाइलबद्दल. इंटेलने २००७ मध्ये आणि एएमडीने २०२२ मध्ये आणलेल्या या सोयींमुळे बायोसमधली एक सेटिंग बदलताच स्टिक मानकापेक्षा जास्त वेगावर धावते. हौशी वापरकर्ते तो आपला हक्क मानतात, कारण पैसे त्याच आकड्याचे मोजलेले असतात. सावध मंडळी म्हणतात की प्रोसेसर कंपन्यांच्या लेखी हे ओव्हरक्लॉकिंगच आहे, त्याची हमी त्या घेत नाहीत. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि इथून आपण स्थैर्याच्या प्रश्नावर येतो.

स्थैर्याचा पुरावा

रॅममध्ये चुका होतात हे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून माहीत आहे. इंटेलच्या संशोधकांनी तेव्हा दाखवून दिले की चिपच्या आवरणातल्या द्रव्यांतून निघणारे अल्फा कण बिट उलटवू शकतात. त्यानंतर बराच काळ मेमरीतल्या चुका म्हणजे मुख्यतः असे योगायोगाचे आघात, अशीच समजूत होती.

२००९ च्या एका अभ्यासाने ती हलवली. बियांका श्रोडर आणि गूगलमधल्या सहकाऱ्यांनी गूगलच्या सर्व्हरवरच्या अडीच वर्षांच्या नोंदी तपासल्या. वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक मॉड्यूलवर किमान एक चूक नोंदली गेली होती. चुकांमागे योगायोगापेक्षा कायमचे दोष अधिक असावेत, वय वाढते तशा चुका वाढतात, आणि तापमानाचा परिणाम समजला जातो त्याहून कमी आहे, असे निष्कर्ष निघाले. मशिनच्या बांधणीनुसारही चुकांचे प्रमाण बरेच बदलत होते.

आपल्यासारख्यांना २०११ चा मायक्रोसॉफ्टमधल्या संशोधकांचा अभ्यास अधिक जवळचा, कारण तो सुमारे १० लाख घरगुती संगणकांवरचा होता. रॅममुळे एकदा बंद पडलेले मशिन पुन्हा बंद पडण्याची शक्यता फार वाढते, ओव्हरक्लॉक केलेली मशिन अधिक बिघडतात, आणि नामांकित कंपन्यांच्या तयार मशिनपेक्षा असेंबल केलेल्या मशिनमध्ये बिघाड जास्त आढळतात, असे त्यात दिसले. मात्र असेंबल मशिनमधला दोष रॅमच्या प्रतीचा, जुळवणीचा की सेटिंगचा, याची फोड त्या नोंदींतून करता येत नाही.

अमेरिकेतल्या महासंगणकांवर २०१२ पासून झालेल्या अभ्यासांत चिपच्या उत्पादकानुसार बिघाडाच्या प्रमाणात आणि प्रकारात फरक असल्याचे दिसले. म्हणजे उत्पादक महत्त्वाचा असतो. पण या अभ्यासांत उत्पादकांची नावे न देता ए, बी, सी अशी अक्षरे वापरली आहेत. २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या गटाने एक नवाच धोका उघड केला. मेमरीची एक ओळ वारंवार उघडली की शेजारच्या ओळीतले बिट उलटतात. रोहॅमर नावाने तो ओळखला जातो. तीन उत्पादकांच्या १२९ मॉड्यूलपैकी ११० मध्ये तो आढळला. तिथेही नावे झाकलेलीच होती, पण तिघांपैकी एकही त्यातून सुटला नव्हता हे मात्र कळले.

या चुकांवरचा जुना उपाय ईसीसी. ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवून एका बिटाची चूक दुरुस्त करता येते. बँकांचे आणि संशोधन संस्थांचे सर्व्हर त्यावर चालतात. घरगुती आणि दुकानातल्या संगणकांत तो सहसा नसतो, त्यामुळे तिथली चूक नोंदलीही जात नाही. एखादी फाइल खराब होते, प्रोग्राम बंद पडतो, आणि दोष विंडोजला किंवा व्हायरसला दिला जातो.

बाजारातल्या तीन भूमिका

पहिली भूमिका ब्रँडची. जास्त पैसे द्या, पण नाव असलेली घ्या, असे म्हणणाऱ्यांचा भर तपासणीवर आणि वॉरंटीवर असतो. नामांकित कंपन्या दहा वर्षांची किंवा आजीवन वॉरंटी देतात. स्वस्त स्टिकमध्ये जुन्या बोर्डवरून काढलेल्या चिप असू शकतात, हे ते सांगतात. त्याला आधारही आहे. डीडीआर३ च्या काळात फक्त एएमडीच्या बोर्डवर चालणाऱ्या स्टिक स्वस्तात विकल्या गेल्या, आणि इंटेलचे मशिन असलेल्या कित्येकांचे पैसे त्यात अडकले.

दुसरी भूमिका चिपची. बहुतेकांच्या चिप त्याच तीन कंपन्यांकडून येतात, मग हीटसिंकच्या रंगाचे पैसे का द्यायचे, असा हा प्रश्न. ठरलेल्या मानकावर चालवायची असेल तर साधी स्टिक पुरते, हे वेगाचे पुरावेही सांगतात. लॅपटॉपमधून निघालेली सॅमसंगची किंवा हायनिक्सची स्टिक हे लोक डोळे झाकून घेतात. या भूमिकेची मर्यादा अशी की कारखाना तोच असला तरी प्रत वेगळी असू शकते, आणि सेकंडहँड स्टिकचे मागचे आयुष्य लेबलवर लिहिलेले नसते.

तिसरी भूमिका दुरुस्ती करणाऱ्यांची. त्यांच्या मते रॅम खराब म्हणून आलेल्या अनेक मशिनमध्ये रॅम चांगलीच असते. संपर्कपट्टीवर काट चढलेला असतो, आणि स्टिक काढून खोडरबराने पुसून बसवली की बीप थांबतो. कधी पॉवर सप्लाय खालच्या दर्जाचा असतो, कधी बायोस जुना, तर कधी वेगवेगळ्या वेगाच्या स्टिक एकत्र बसवलेल्या. डीडीआर५ मध्ये चार स्टिक बसवल्या की वेग बराच उतरवावा लागतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत दोन स्टिकना ५२०० चा अधिकृत आधार आहे, चारना ३६०० चा. हे ठाऊक नसलेला ग्राहक दोष ब्रँडला देतो.

इथली हवा, इथली वीज

या तिसऱ्या भूमिकेला आपल्या भागात विशेष वजन आहे. जयसिंगपूर ज्यात येते तो शिरोळ तालुका कृष्णा आणि पंचगंगेच्या काठचा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत इथली गावे पाण्याखाली होती. जिथे पाणी शिरले नाही तिथेही आठवडाआठवडा दमट हवा आणि बंद वीज असते. शेजारच्या इचलकरंजीत यंत्रमागांची बारीक धूळ पंख्यांत आणि खाचांत साचते. ओल आणि धूळ एकत्र आली की संपर्कपट्टीवर थर चढतो. विजेचा दाब वरखाली होणे आणि नीट नसलेले अर्थिंग या तक्रारीही इथे रोजच्याच.

आतापर्यंतचे मोठे अभ्यास वातानुकूलित डेटासेंटरमधले आहेत, किंवा अशा नोंदींवरचे आहेत ज्यांतून आपल्यासारख्या गावांतली परिस्थिती वेगळी काढता येत नाही. तापमानाचा परिणाम कमी, हा गूगलचा निष्कर्ष थंड ठेवलेल्या खोल्यांतला आहे. एप्रिलमधल्या पत्र्याच्या शेडखालच्या सेवा केंद्राला तो जसाच्या तसा लावता येणार नाही.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न नावांचा. उत्पादकानुसार बिघाड बदलतो असे संशोधन सांगते, पण कोणता उत्पादक सरस हे सांगत नाही. मॉड्यूल बांधणाऱ्या ब्रँडबाबत तर असा मोठा खुला अभ्यास ग्राहकाच्या हाती नाही. परीक्षणांत एखाददुसरी स्टिक काही दिवस तपासली जाते. त्यातून वेग कळतो, पाच वर्षांचे स्थैर्य कळत नाही.

दुसरा प्रश्न डीडीआर५ चा. तिच्या प्रत्येक चिपमध्ये आतल्या आत चूक दुरुस्त करण्याची सोय आहे. विक्रेते ती ईसीसी म्हणून सांगतात, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवरच्या चुका ती पकडत नाही आणि आत काय दुरुस्त केले ते सहसा संगणकाला कळवत नाही. यामुळे स्थैर्य खरेच वाढते की कमकुवत चिप खपवणे सोपे होते, यावर जाणकारांत एकमत नाही.

तिसरा प्रश्न पुरवठ्याचा. २०२५ च्या उत्तरार्धात एआय डेटासेंटरच्या मागणीने मेमरीचे भाव चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. विकलेल्या मालाची वॉरंटी पाळू, असेही सांगितले. चिप बनवणाऱ्याच्याच नावाची स्टिक हा अनेकांचा खात्रीचा पर्याय होता, तो आता मावळतो आहे. दुसरीकडे गुजरातमधल्या साणंद येथे मायक्रॉनचा जुळणी आणि तपासणीचा प्रकल्प २०२३ मध्ये जाहीर झाला. त्याने किरकोळ बाजारातल्या ग्राहकाला काय मिळेल ते पुढे दिसेल. महाग काळात सेकंडहँड आणि बनावट माल वाढण्याची भीती मात्र आजच रास्त आहे.

आज हाती काय आहे

एवढ्या पुराव्यावरून काही गोष्टी ठामपणे म्हणता येतात. मानक वेगावर ब्रँडमुळे कामगिरी बदलत नाही. ती क्षमता, चॅनल, टायमिंग आणि चिपच्या मांडणीने बदलते. स्थैर्यात फरक असतो, पण तो स्टिकरवरून आधी ओळखता येत नाही. म्हणून ब्रँडसाठी मोजलेले जादा पैसे हे मुख्यतः तपासणीचे आणि वॉरंटीचे पैसे आहेत. पक्के बिल मिळणार असेल आणि बदलून देणारे केंद्र सांगली-कोल्हापूरच्या टप्प्यात असेल, तरच ते वसूल होतात.

स्थैर्य ओळखण्याचा मार्ग एकच, तपासणे. मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम १९९४ पासून आहे आणि फुकट मिळतो. तो रॅमच्या प्रत्येक पत्त्यावर वेगवेगळे नमुने लिहून परत वाचतो. नवी स्टिक बसवल्यावर तो रात्रभर चालवावा, आणि एकही चूक दिसली तर स्टिक बदलून घ्यावी. रॅममुळे एकदा बंद पडलेले मशिन पुन्हा बंद पडण्याची शक्यता फार वाढते, हे दहा लाख संगणकांच्या नोंदींनी दाखवले आहे. हिशेबाच्या किंवा दाखल्यांच्या मशिनवर प्रोफाइल बंद ठेवून मानक वेगच ठेवणे शहाणपणाचे आहे.

राहिला तो आपल्या भागातल्या माहितीचा तुटवडा, आणि तो इथेच भरून निघू शकतो. जयसिंगपूर, इचलकरंजी आणि कुरुंदवाडच्या दुरुस्ती दुकानांत वर्षानुवर्षे खराब स्टिक येत आहेत, पण त्यांची नोंद राहत नाही. स्टिकचे नाव, चिपचा उत्पादक, बनावटीचा आठवडा, लक्षण आणि मेमटेस्टचा निकाल एवढ्या पाच गोष्टी वहीत लिहिल्या गेल्या, आणि अभियांत्रिकीच्या एखाद्या वर्गाने त्या वह्या एकत्र करून मांडल्या, तर ओल, धूळ आणि अस्थिर विजेत कोणती रॅम टिकते याचे उत्तर मिळायला सुरुवात होईल. आज ते उत्तर जगातल्या कोणत्याही मोठ्या अभ्यासात नाही, आणि ते शोधण्यासाठी लागणारा माल आपल्या दुकानांच्या खणांत पडून आहे.